सहलीचे मावंदे

उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या गावांतून समुद्र पाहण्यासाठी बाहेर पडणारी कुटुंबे आता विरळा राहिलेली नाहीत. दिवेआगर, गणपतीपुळे, गोवा ही नावे घरोघरी बोलली जातात आणि थोडी अधिक ऐपत असलेली मंडळी श्रीलंका, थायलंड, बाली येथपर्यंत मुलाबाळांसह जाऊन येतात. जाण्याची तयारी महिनोन्‌महिने चालते. परतण्याची तयारी मात्र कोणीच करीत नाही. आठ दिवसांनी रात्री-अपरात्री घराचे कुलूप उघडायचे, वाळूने भरलेले कपडे न्हाणीत टाकायचे आणि सकाळी कचेरी गाठायची, एवढाच आपला परतीचा विधी असतो. चार दिवसांनी तोच गृहस्थ म्हणतो, 'गेलो होतो की नव्हतो, असे वाटते.' असे का व्हावे आणि त्यावर काही उपाय आहे काय, याचा विचार येथे आम्हांस करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम आपला आणि समुद्राचा संबंध काय, हे पाहणे अवश्य आहे.

परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर वसलेली आहे आणि पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून दूर आहे. आगगाडीने मनमाडवरून मुंबईस जावयाचे तर अंतर साडेपाचशे किलोमीटर भरते. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरी, म्हणजे अरबी समुद्रापासून फार लांब नसलेल्या डोंगरात उगम पावते. पण त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेस वळते आणि पाथरी, गंगाखेडवरून आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या रानातून वाहिलेले पाणी समुद्राला पोहोचते खरे, पण ते असे दूरच्या किनाऱ्यावर. भरती-ओहोटी, गलबत, खारे वारे हे शब्द आपल्या बोलीत पुस्तकांतून आले, अनुभवातून आले नाहीत.

अंतराहूनही एक मोठी अडचण होती ती राज्याची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या अवाढव्य संस्थानाला समुद्रकिनारा म्हणून नव्हताच. चारी बाजूंनी जमीन. ही उणीव निजाम सरकारलाही इतकी बोचत होती, की १९४७-४८ च्या सुमारास पोर्तुगीजांकडून गोव्यातील मार्मागोवा बंदर मिळविण्याची खटपट त्यांनी करून पाहिली. ती फळाला आली नाही. सामान्य परभणीकराला समुद्र पाहावयाचा झाला तर त्याला मुलूख ओलांडूनच जावे लागे. संस्थानचे नाणे हाली शिक्क्याचे. ते इंग्रजी हद्दीत चालत नसे, तेथे कलदार लागे. साधारणपणे सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव असे. टपालाची तिकिटे वेगळी, आणि मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके हद्दीवर असत. मुंबईच्या चौपाटीवर उभा राहिलेला परभणीचा मनुष्य त्या काळी एका अर्थी परदेशातच उभा असे. गोवा तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. 'परदेशातला समुद्रकिनारा' ही आजची हौस वाटली, तरी आमच्या आजोबांच्या पिढीला प्रत्येक समुद्रकिनारा परदेशातलाच होता.

तरीही आपली माणसे समुद्राला जात होती. ती जात ती यात्रेकरू म्हणून. काशीची गंगा रामेश्वरास वाहावयाची आणि सेतूची वाळू उत्तरेस नेऊन प्रयागास विसर्जित करावयाची, असा काशी-रामेश्वर यात्रेचा संकेत. अनेक मराठी घरांतील वडीलधाऱ्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला तो रामेश्वरास, आणि तोही स्नानासाठी. समुद्र हे तीर्थ होते आणि काहीसे भयाचे स्थानही होते. पर्वणीवाचून एरवी समुद्राला शिवू नये, असाही शास्त्रसंकेत होता. लाटांत खेळावे, वाळूवर पडून राहावे, ही कल्पना त्या पिढीला विचित्रच वाटली असती.

या जुन्या यात्रेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. यात्रेइतकेच महत्त्व यात्रेहून परतण्याला होते. कित्येक गावांत काशीहून आलेला यात्रेकरू एकदम घरात शिरत नसे. तो वेशीबाहेर मारुतीच्या देवळात थांबे. मग आप्तेष्ट वाजतगाजत त्याला आणावयास जात. घरी आणलेल्या गंगेची पूजा होई, तिचे थेंब घरोघर वाटले जात आणि भावकीला, शेजाऱ्यांना, गावाला जेवण घातले जाई. या जेवणाला आपल्याकडे 'मावंदे' म्हणतात. मावंदे झाल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे. या प्रथेत दोषही होते, हे सांगितले पाहिजे. पंगती जातीजातीच्या निराळ्या असत, आणि मावंद्यापायी कर्जबाजारी होणारेही काही कमी नव्हते. पण दूर गेलेल्या माणसाला पुन्हा आपल्या जागी बसविण्याची एक रीत समाजाजवळ होती, एवढे त्यावरून दिसते.

समुद्र ओलांडून जाणाऱ्यांसाठीही अशी रीत होती, पण ती कडवट होती. परदेशगमन निषिद्ध मानले गेले असल्यामुळे परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. महात्मा गांधी १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा त्यांच्या वडील बंधूंनी त्यांना राजकोटला नेण्यापूर्वी नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले आणि मग राजकोटला ज्ञातिभोजन दिले. ही हकीकत गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतः सांगितली आहे. प्रायश्चित्ताची कल्पना आज आपण टाकून दिली आहे आणि ते योग्यच झाले. मात्र ती टाकताना परतीचा विधीही आपण टाकून दिला, इकडे आपले लक्ष गेले नाही.

आता हौसेच्या सहलीकडे वळू. समुद्रावर विश्रांतीसाठी जावे ही कल्पना मूळची इंग्लंडची, आणि ती जन्मली वैद्यकातून. १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान, इतकेच नव्हे तर समुद्राचे पाणी पिणेही, अनेक रोगांवर औषध म्हणून सांगितले. मग ब्रायटनसारख्या मच्छीमारांच्या गावी श्रीमंतांची रीघ लागली. १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला आगगाडी सुरू झाली आणि मध्यमवर्ग व कामगारही तेथे पोहोचू लागले. परंतु नुसत्या गाडीने काम भागत नाही. पगार न कापता मिळणारी रजाही हवी. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात असंख्य कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. इंग्लंडमध्ये तसा कायदा १९३८ मध्ये झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला, आणि केंद्र सरकारी नोकरांना १९५६ पासून रजेतील प्रवासाची सवलत मिळू लागली. सहल ही अशी हक्काच्या रजेची लेक आहे. ज्याला रजा नाही, त्याला सहल नाही. शेतकरी, शेतमजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई यांना अजूनही ती नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मोठ्या लाइनीची आगगाडी परभणीस येऊन आता पुष्कळ वर्षे झाली. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई, आणि तेथून विमानाने दोन-अडीच तासांत कोलंबो. आमचे कुटुंब फेब्रुवारी महिन्यात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पाच दिवस राहून आले. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. कोलंबोहून गॉलला जाणारी आगगाडी समुद्राच्या इतकी कडेने धावते, की लाटांचे तुषार रुळांपर्यंत येतील असे वाटते. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभिला, डचांनी बांधून पुरा केला आणि त्याच्या तटावर संध्याकाळी तेथली कुटुंबे आपल्यासारखीच पोराबाळांसह फिरावयास येतात. शिजवलेल्या भाताला सिंहलीत 'बत्' म्हणतात, हे कळल्यावर मुलांना परका देश एकदम जवळचा वाटू लागला. नाण्याचे नावही तेथे रुपयाच आहे.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी समजून घेणे हिताचे आहे. पहिली गोष्ट ऋतूची. आपल्या शाळांना सुट्टी असते मे महिन्यात, आणि नेमका तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा श्रीलंकेच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर येऊन थडकतो. त्या किनाऱ्याचा शांत काळ डिसेंबर ते एप्रिल हा आहे. मे ते सप्टेंबर या काळात त्याच बेटाचा पूर्वकिनारा, त्रिंकोमालीकडचा, शांत असतो. कोकणचा समुद्रही मे अखेरीपासून खवळू लागतो. हाच वारा पुढे जूनच्या मध्याच्या सुमारास आपल्या काळ्या रानावर पाऊस होऊन उतरतो. तेव्हा जो समुद्र आपल्याला मे महिन्यात आत येऊ देत नाही, त्याच्याच भरवशावर आपली कापूस, सोयाबीन आणि तूर उभी असते.

दुसरी गोष्ट भरतीची. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राची पातळी दिवसातून साधारण दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पण ही चढउतार सर्वत्र सारखी नसते. मुंबईस अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती चार-पाच मीटरांपर्यंत जाते, तर गॉलला ती एक मीटरही नसते. म्हणून एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर उपयोगी पडेलच असे नाही. तेथल्या कोळ्यांना विचारणे हाच खरा मार्ग.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. आपल्याकडील मुले विहिरीत, नदीत, येलदरीच्या पाण्यात पोहावयास शिकलेली असतात आणि त्या भरवशावर समुद्रात शिरतात. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे तसे नसते. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोराने आत ओढले जाते. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते, आणि नवखा मनुष्य नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. ओढीत सापडलेला पट्टीचा पोहणारासुद्धा किनाऱ्याकडे तोंड करून झगडू लागला तर थकून बुडतो. अशा वेळी घाबरून न जाता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या वाटेतून बाजूला सरावे; ओढ अरुंद असल्यामुळे बाहेर पडता येते. लाल बावटा असेल तेथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ज्या सहलीहून परतणेच झाले नाही, तिच्याविषयी पुढे काय लिहावे?

असो. आता परतीचा विचार करू. किनाऱ्यावर हवा सौम्य असते, कारण पाणी तापावयास कोरड्या मातीच्या चौपटीहून अधिक उष्णता लागते. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यावयास येते. परभणीच्या काळ्या जमिनीला असा शेजारी नाही. ती मे महिन्यात बेचाळीस अंशांपलीकडे तापते आणि रात्रीही लवकर निवत नाही. म्हणून स्टेशनात उतरताच अंगावर येणारी झळ हा काही मनाचा खेळ नव्हे. तोवर घरी तुळस वाळलेली असते, पाण्याच्या टाकीचा तळ दिसत असतो, दूधवाल्याचा हिशेब थांबलेला असतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आपल्या गावाविषयीची म्हण अशा वेळी हटकून आठवते. म्हणजे काही जमले तर ठीक, नाहीतर परभणी आहेच. चेष्टेने म्हटलेल्या या वाक्यात एक आसराही आहे. कोठे काही जमले नाही तरी हे गाव दार लावून घेत नाही.

सहलीचा आनंद किती टिकतो, याची मोजदाद युरोपातील अभ्यासकांनी केली आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधील १५३० प्रौढांच्या पाहणीत असे दिसले, की सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी असतात ते सहलीपूर्वी, बेत आखताना. परतल्यावर दोघांत फारसा फरक उरत नाही. अत्यंत निवांतपणे सुट्टी घालविणारे तेवढे अपवाद. २०१३ मध्ये तेथीलच दुसऱ्या एका अभ्यासात दीर्घ रजेवर गेलेल्या नोकरदारांचे स्वास्थ्य सुमारे आठव्या दिवशी कळसास पोहोचले आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर आले. तेव्हा चार दिवसांत सहल विसरल्यासारखी वाटणे हा कोणा एकट्याचा करंटेपणा नव्हे. मनुष्यस्वभावच तसा आहे.

पण स्वभावावर भार घालणाऱ्या काही गोष्टी मात्र आपण स्वतः करतो. पहिली म्हणजे कर्ज. 'आधी फिरा, मग भरा' अशा जाहिराती आज सर्वत्र आहेत. पाच दिवसांच्या सहलीचे हप्ते दोन वर्षे भरावयाचे म्हटले, तर दर महिन्याच्या एक तारखेला त्या समुद्राची आठवण होईल, परंतु ती गोड असणार नाही. जुन्या काळी मावंद्यासाठी काढलेले कर्ज आणि हे कर्ज यांत तत्त्वतः भेद नाही. दुसरी गोष्ट घरातील बाईची. सहलीतही पोरांचे कपडे, सासूबाईंची औषधे, सर्वांचे खाणेपिणे तीच पाहते, आणि परतल्यावर आठ दिवसांचे साचलेले काम पुन्हा तिच्याच पुढ्यात पडते. घरातील इतरांची सुट्टी आठ दिवसांची झाली, तर तिची कित्येकदा चार दिवसांचीही होत नाही. तिसरी गोष्ट छायाचित्रांची. हल्ली सहल चालू असतानाच चित्रे गावभर पोहोचतात. परत आल्यावर सांगण्यासारखे काही शिल्लक राहत नाही, आणि ज्याला जाता आले नाही त्याच्या मनात उत्सुकतेऐवजी खंत उत्पन्न होते.

यावर आमचे म्हणणे एवढेच, की सहलीलाही मावंदे असावे. मोठे जेवण नव्हे, आणि जातीची पंगत तर नव्हेच. शनिवारी किंवा त्याआधी परतावे, म्हणजे कामापूर्वी एक दिवस हाती राहतो. तो दिवस निजण्यात न घालविता घरातील सर्वांनी मिळून घर लावावे. कपडे पुरुषांनी व मुलांनी धुवावेत आणि त्या दिवशी घरच्या बाईने चुलीपाशी जाऊ नये. जिने आठ दिवस तुळशीला पाणी घातले त्या शेजारच्या काकूंना बोलवावे. वरणभात, भाकरी आणि ठेचा एवढे पुरे. मुलांना बोलू द्यावे. भरती म्हणजे काय, लाटेची ओढ कशी असते, परक्या भाषेत भाताला काय म्हणतात, हे सांगता सांगता पाहिलेले मनात पक्के बसते. न सांगितलेले वाळूसारखे झडून जाते. शंखशिंपले मात्र आणू नयेत. पोवळी आणि कित्येक जातींचे शंख बाहेर नेण्यास अनेक देशांत कायद्याने बंदी आहे.

या मावंद्याला कोणाला बोलवावे, हाच आमच्या मते मुख्य प्रश्न आहे. ज्यांना रजेचा हक्क नाही असे आम्ही वर म्हटले, त्यांची मुले आपल्याच गल्लीत असतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तीही सहकुटुंब दूर जातात, तीही परततात. पण त्यांच्या परतण्याला कोणी वेशीवर उभे राहत नाही, आणि त्यांनी पाहिलेला मुलूख आपण त्यांना कधी विचारीत नाही. आपल्या मुलाने आपला समुद्र त्या मुलांना सांगावा आणि त्या मुलांनी कारखान्याच्या आवारातील कोपी, बैलगाड्यांची रांग, पहाटेची थंडी आपल्या मुलाला सांगावी. काशीचे पाणी घरोघर वाटण्यामागे हाच भाव होता, की एक गेला तरी गाव जाऊन आले असे व्हावे.

आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात अशी दोन-तीन मावंदी झाली. खर्च किरकोळ आला. एका घरी मुलांनी अंगणातच खडूने किनारा काढून लाटेची ओढ कोठून जाते आणि बाजूला कसे सरावे, हे दाखविले. पाहणाऱ्यांत समुद्र न पाहिलेली मुले पुष्कळ होती. त्यांतले कोणी उद्या समुद्रावर गेलेच, तर एवढे ज्ञान त्याला घरी परत आणावयास पुरेसे आहे.